गाडी अडली, पण कुठं अडली?

मागच्या वेळी आपण नाचणीचं बियाणं घरी कसं राखायचं यावर बोललो होतो. आजचा विषय लोखंडाचा आणि तेलाचा आहे, गाडीचा आहे. म्हणून कुणी रेडिओ बंद करू नका. हल्ली आपल्या बऱ्याच गटांनी कर्ज काढून गाड्या घेतल्यात. कुणाची दुधाच्या कॅनची गाडी, कुणाची तांदळाच्या पोत्यांची. गाडी आपली, हप्ताही आपला. पण गाडी बंद पडली की आपण पदर सावरून बाजूला उभ्या राहतो आणि काय मोडलं ते दुसरेच कुणी ठरवतात. आमचंही असंच व्हायचं. गेल्या भाद्रपदात जे झालं, त्यानंतर मात्र आम्ही ठरवलं की हे सगळ्याजणींना सांगायचं.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पावसाळ्याचे चार महिने नुसती धार लागलेली असते. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत लाल चिखलाची वाट, पुढं घाट, मग बाजार. साधी गाडी त्या चिखलात टिकत नाही. म्हणून आमच्या ग्रामसंघानं जुनी, पण फोर व्हील ड्राइव्ह जीप-पिकअप घेतली. फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे गरज पडेल तेव्हा मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही इंजिनाची ताकद देता येते. त्यासाठी गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक छोटी दांडी असते.

गाडी चालवते आमच्यातलीच एक सून. सगळ्याजणी तिला धाकटी म्हणतात. बारावी झालेली, रीतसर लायसन्स काढलेली, हात एकदम बसलेला. त्या दिवशी बाजारातून परत येताना मागं खताच्या गोण्या होत्या, केबिनमध्ये धाकटी आणि आम्ही दोघी. घाटाच्या पायथ्याला चढ सुरू झाला आणि खालून खण्णकन आवाज आला. धाकटीनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी जागची हलेना. तिनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, सवयीप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन बंद केलं आणि ब्रेकवरचा पाय काढला. तशी गाडी मागं सरकायला लागली! आमच्यातली एकजण नुकतीच खाली उतरून मागच्या बाजूला गेली होती. धाकटीनं परत ब्रेकवर पाय मारला म्हणून बरं, नाहीतर आज आम्ही इथं बोलत नसतो. मग दोन्ही मागच्या चाकांखाली मोठे दगड लावले आणि सगळ्याजणी लांब झालो.

पाच मिनिटांत माणसं जमली. एक म्हणाले, "क्लच जाळला." दुसरे म्हणाले, "चारही चाकं न लावता चढ चढवला असेल, दुसरं काय!" आणि तिसऱ्यांनी ते नेहमीचं वाक्य टाकलं, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. एका गॅरेजवाल्यांना फोन लावला. त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, "गिअरबॉक्स गेला असणार. उतरवावा लागेल. ४० हजार धरून चला." आमच्या गाडीच्या खात्यात तेव्हा ३१ हजार होते, आणि आठ दिवसांवर बँकेचा हप्ता.

खरं सांगायचं तर आम्हीही धाकटीलाच बोललो. जूनमधल्या बैठकीत आमचा ठराव झाला होता, की पावसाळाभर चारही चाकं लावूनच गाडी चालवायची. त्याआधी एकदा चिखलात गाडी घसरली होती, त्या भीतीनं केलेला ठराव. आणि त्या दिवशी बाजाराच्या बोळातून गाडी वळवायला तिनं ती छोटी दांडी मागं ओढली होती आणि परत लावली नव्हती. मग काय, आम्ही म्हणालो, "तू ठराव मोडलास, म्हणून गाडी मोडली." ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं फक्त एवढंच म्हणाली, "ताई, गाडी उभी होती ना, तरी स्पीडच्या मीटरचा काटा हलत होता."

त्या एका वाक्यानं आमचे ४० हजार वाचले. कसे, ते ऐका.

आमच्या एकीचे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना बोलावलं. मामा आले आणि त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी धाकटीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आवाज एकदाच आला की येतच राहिला? इंजिन चालू राहिलं का? जळका वास आला का? गिअर नीट पडतात का? गेल्या पंधरा दिवसांत गाडी काही वेगळं वागत होती का?" धाकटीनं सगळ्याची उत्तरं दिली. आवाज एकदाच आला. इंजिन चालू होतं. वास नाही. गिअर लोण्यासारखे पडतात. आणि हो, पंधरा दिवसांपासून गाडी सुटताना खालून टक् असा आवाज यायचा, हळू चालताना चिमणीसारखं चिं चिं वाजायचं. शेवटी तिनं काट्याचं सांगितलं. मामा हसले आणि म्हणाले, "मग गिअरबॉक्स कशाला उतरवायचा? तो तर काम करतोय."

मैत्रिणींनो, हे कसं कळलं ते समजायला शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. आपण पायानं पायटा हलवतो, पायट्यानं मोठं चाक फिरतं, पट्ट्यानं वरचं चाक फिरतं आणि मग सुई खालीवर होते. आता पायटा हलतोय पण सुई हलत नाही, तर आपण काय बघतो? पट्टा निसटलाय का? वरचं चाक फिरतंय का? बॉबिन भरताना त्या चाकाचा मधला स्क्रू आपण सैल करतो, तो तसाच राहिलाय का? चाक फिरतंय म्हणजे पट्टा ठीक आहे, बिघाड त्याच्या पुढं. आपण अख्खं मशीन खोलत नाही. ताकद कुठपर्यंत पोचते आणि कुठं थांबते, तेवढंच शोधतो.

गाडीचंही तसंच आहे. इंजिनातून ताकद निघते. पहिलं घर क्लचचं. हा क्लच म्हणजे आपल्या मशीनचा तो बॉबिनचा स्क्रूच, जोडायला आणि सोडायला. दुसरं घर गिअरबॉक्सचं. तिसरं घर फोर व्हील ड्राइव्ह गाडीत असतं ते, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. छोटी दांडी तिथंच जाते. तिथून ताकद दोन वाटांनी निघते. एक लोखंडी दांडा मागं जातो, एक पुढं. त्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हासारखा एक सांधा असतो, त्याला गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात. रस्त्यावर चाकं वरखाली होतात, तेव्हा फिरता फिरता दांडा वाकडा होऊ शकतो तो या क्रॉसमुळं. दांडा जातो दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे हाउसिंगमध्ये. त्याच्या आत क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल असतं. तिथून दोन बाजूंना दोन एक्सल आणि शेवटी चाकं. एवढीच ही साखळी आहे. ड्राइव्हट्रेन म्हणतात ती हीच.

आता आमच्या जुन्या जीपमध्ये स्पीडच्या मीटरची तार ट्रान्सफर केसमधून निघते. गाडी उभी असताना काटा हलतो, याचा अर्थ ताकद क्लचमधून गेली, गिअरबॉक्समधून गेली, ट्रान्सफर केसपर्यंत पोचली. तुटलंय ते त्याच्या पुढं. क्लच जळला असता तर गाडी उभी असताना काटाही शून्यावरच राहिला असता. नव्या गाड्यांत मात्र मीटरला चाकांजवळच्या सेन्सरवरून वेग कळतो, तिथं ही युक्ती तशीच चालेल असं धरू नका.

मग मामांनी बॅटरी घेतली. इंजिन बंद, किल्ली धाकटीच्या हातात, चारही चाकांना दगड. वाकून बघितलं तर मागच्या दांड्याचा क्रॉस तुटलेला आणि दांडा लोंबत होता. क्रॉसच्या भोवती विटेच्या भुकटीसारखा गंज. मामा म्हणाले, "हा सांधा कोरडा पडलाय. कित्येक महिन्यांत ग्रीस मिळालं नाही याला." आणि गाडी मागं का सरकली, तेही तेव्हाच कळलं. गिअरमध्ये टाकलेली गाडी थांबते ती याच दांड्याच्या जोरावर. दांडाच सुटला तर गिअर चाकांना धरणार कसा? आणि आमच्यासारख्या काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकसुद्धा चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागं याच दांड्याच्या तोंडाशी असतो. म्हणजे दोन्ही आधार एकदम गेले. हे लक्षात ठेवा. ताकद चाकांपर्यंत पोचत नाही असं वाटलं, तर गिअरवर आणि हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. ब्रेकवर पाय ठेवा, दुसरीला चाकांखाली दगड लावायला सांगा आणि मगच पाय काढा.

मामांनी तो लोंबणारा दांडा बोल्ट काढून पूर्ण सोडवला आणि गाडीत ठेवला. तसाच लोंबता ठेवून गाडी ओढली असती, तर तो रस्त्यात रुतून आणखी नुकसान झालं असतं. मग पुढच्या चाकांचे हब लॉक केले, छोटी दांडी पुढं टाकली आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर हळूहळू घाट चढून घरी आली. दुसऱ्या दिवशी नवा क्रॉस बसला. सामान आणि मजुरी मिळून १,८०० रुपये.

पण गोष्ट इथं संपत नाही. मामांनी विचारलं, "डांबरी रस्त्यावरही चारही चाकं लावूनच चालवता का?" आम्ही मोठ्या तोंडानं सांगितलं, "हो, ठरावच केलाय तसा." मामा गप्प झाले. मग म्हणाले, "कोरड्या डांबरावर असं कधी करायचं नाही."

का नाही करायचं? मळणीची पात आठवा. मधे तिवडा, त्याला बैल बांधलेले. तिवड्याजवळचा बैल थोडंच चालतो, बाहेरच्या बैलाला मोठा फेरा पडतो. वळणावर गाडीच्या चाकांचंही तसंच. बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी. एकाच बाजूच्या चाकांतही पुढच्याला मोठा फेरा पडतो, मागच्याला लहान. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळून घेतं. पण आमच्यासारख्या गाडीत छोटी दांडी लावली की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट बांधले जातात. त्यांच्यातला फरक सांभाळायला मधे कुणीच नसतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो ताण सुटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग दोघींनी दोन टोकांना धरून लुगडं पिळावं, तसे ते दांडे आणि क्रॉस पिळले जातात. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, छोटी दांडी ओढूनही निघत नाही.

धाकटीनं हे आम्हाला सांगितलं होतं, मैत्रिणींनो. जुलैमध्येच सांगितलं होतं, "ताई, डांबरावर गाडी जड लागते, वळणावर अडकते." आम्ही म्हणालो, "ठराव झालाय, तसंच चालव."

यात आणखी एक भर होती. उन्हाळ्यात पैसे कमी होते म्हणून आम्ही मागं दोन नवे टायर घातले आणि पुढं जुनेच ठेवले. आमच्यात एक शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. त्यांनी शिलाईची टेप आणून टायर मापले. नव्याचा घेर २२० सेंटीमीटर, झिजलेल्याचा २१७. फरक तीनच सेंटीमीटर. पण हिशेब करून बघा. एक किलोमीटर जायला नवा टायर ४५४ वेळा फिरतो, जुना ४६० वेळा. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा दर किलोमीटरला सहा फेऱ्यांचा फरक. आमचा डांबरी रस्ता १४ किलोमीटरचा. एका बाजूला ऐंशीच्या वर फेऱ्यांचा पीळ, आणि तो सगळा त्या कोरड्या सांध्यांवर. क्रॉस किती ग्रीसअभावी गेला आणि किती पिळानं, याची वाटणी मामांनाही करता आली नाही. पण दोन्ही चुका आमच्या होत्या, बैठकीच्या होत्या. धाकटीच्या नव्हत्या.

आता तुमच्या उपयोगाचं सांगतो. वही-पेन जवळ असेल तर घ्या. कोणत्या लक्षणाला कुठं बघायचं, ते एकेक करून.

पहिलं. चढावर इंजिन जोरात ओरडतं, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. हा क्लच. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागेत, पुढंमागं कुणी नसताना, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर प्लेट झिजलीय. ही परीक्षा एकदाच घ्या, परत परत केली तर चांगला क्लचही जळेल.

दुसरं. गाडी सुटताना किंवा मागंपुढं करताना खालून टक् आवाज, हळू चालताना चिं चिं. हा क्रॉस. इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दांडा हातानं डावीउजवीकडं पिळून बघा. सांध्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलल्या किंवा भोवती लालसर भुकटी दिसली, तर थांबायचं नाही, बदलून टाकायचा. आम्ही पंधरा दिवस थांबलो.

तिसरं. वेग वाढला की सगळी गाडी थरथरते. मागच्या दांड्याला चिखल चिकटून वाळलाय का, ते आधी बघा. वजन एका बाजूला झालं की दांडा थरथरतो. पाण्यानं धुतल्यावर गेलं तर फुकटात काम झालं. नाही गेलं तर दांडा वाकलाय का, क्रॉस ढिला आहे का आणि चाकाचं बॅलन्सिंग ठीक आहे का, ते बघून घ्या.

चौथं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घूं असा आवाज, आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो आवाज बदलतो. हे हाउसिंग, क्राऊन-पिनियन. आधी तेल बघा. हाउसिंगच्या बाजूला एक बूच असतं, त्याच्या तोंडापर्यंत तेल पाहिजे. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ओढ्यातून जाताना पाणी आत गेलंय, लगेच बदला. तेलात लोखंडाचे कण किंवा चुरा दिसला तर आतले दाते झिजताहेत.

पाचवं. गुरगुर वेगाबरोबर वाढते, ॲक्सिलरेटर सोडला तरी बदलत नाही, पण गाडी डावीकडं किंवा उजवीकडं वळवली की कमीजास्त होते. हे चाकाचं बेअरिंग.

सहावं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढं घेतली की पुढच्या चाकापाशी कट कट कट वाजतं. पुढच्या एक्सलचा बाहेरचा सांधा. त्यावर रबरी टोपण असेल तर ते फाटलंय का बघा. फाटक्या टोपणातून ग्रीस बाहेर जातं आणि माती आत.

सातवं. चारही चाकं लावली तरी पुढची चाकं ओढत नाहीत. गाडीला हातानं फिरवायचे हब असतील तर ते दोन्ही बाजूंना लॉक केलेत का, एवढं आधी बघा. पुष्कळदा बिघाड नसतोच, विसर असतो. आणि एक पुढचं नि एक मागचं चाक चिखलात नुसतं फिरतंय, बाकीची दोन उभी, असं दिसलं तर घाबरू नका. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तो, ताकद सोप्या बाजूला पळते. फिरणाऱ्या चाकाखाली दगड, फांद्या किंवा गोणपाट घाला.

आठवं, आमचं. छोटी दांडी निघत नाही, गाडी जड झाली. ओढाताण करू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागं घ्या, पीळ सुटतो आणि दांडी निघते.

आपली काही मुलं नाशिक-पुण्याला पर्यटकांच्या नव्या गाड्या चालवतात. त्यात ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून वेगळा प्रकार असतो. त्यात छोटी दांडी नसते. गाडी स्वतःच ठरवते कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची, आणि मधे एक कपलिंग पुढच्या-मागच्या चाकांतला फरक सांभाळत असतं. म्हणून ती डांबरावर चालते. पण टायर कमीजास्त झिजलेले असतील तर त्या कपलिंगला सारखं राबावं लागतं आणि ते तापून खराब होतं. अशी गाडी पार्किंगमध्ये पूर्ण वळताना अडखळायला लागली की आधी चारही टायर मापा, मग कपलिंगचं तेल विचारा. डॅशबोर्डवर दिवा लागला तर गॅरेजमध्ये मशीन लावून जो कोड येतो, तो कागदावर लिहून मागा. आणि ती बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नका. चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा, नाहीतर पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा.

जिवाची काळजी आधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. गाडीखाली कुणी असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. फिरणारा दांडा पदर, ओढणी किंवा वेणी ओढून घेतो, सोडत नाही. आणि चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचं एक चाक जॅकवर उचलून गिअर टाकून बघायचा उद्योग करू नका. जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून ढकलून देतात.

गॅरेजमध्ये जाताना काय न्यायचं? "गाडी बिघडली" एवढंच सांगू नका. काय झालं, कधी झालं, चढावर की सपाटीवर, सरळ की वळणावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, गरम गाडीत की थंड, आवाज कुठून, वास कसला, हे सगळं लिहून न्या. आणि विचारा, "हाच भाग गेलाय हे तुम्ही कशावरून ठरवलं?" चांगला मिस्त्री हा प्रश्न ऐकून रागावत नाही, दाखवून देतो. काढलेला जुना भाग परत मागा. कोणताही मिस्त्री लबाडच असतो असं आमचं म्हणणं नाही. फोनवरून अर्धवट ऐकलं की कुणीही अंदाजच सांगणार. पूर्ण सांगायचं काम आपलं आहे.

आम्ही आता गाडीत एक वही ठेवलीय. रोजचे किलोमीटर, डिझेल आणि शेवटच्या रकान्यात "आज काही वेगळं वाटलं का?" धाकटी लिहिते आणि मासिक बैठकीत तो रकाना सगळ्यात आधी वाचला जातो. ग्रीस गन विकत घेतली. दर महिन्याला आणि पाण्यातून गाडी गेली की क्रॉसच्या निपलला ग्रीस. काही नव्या क्रॉसना निपल नसतं, ते बंदच येतात, ते आवाज आणि ढिलाईवरून ओळखायचे. टायर आता चारही सारखे, आणि पुढचे-मागचे वेळेवर अदलाबदल करतो.

राहता राहिला तो ठराव. ऑक्टोबरच्या बैठकीत तो रद्द केला. नवीन ठराव लिहिला, की चारही चाकं चिखलात आणि निसरड्यावरच लावायची, आणि कधी लावायची ते चालवणारी ठरवेल. त्याच पानावर आम्ही हेही लिहिलं, की धाकटीनं जुलैमध्ये सांगितलेलं आम्ही ऐकलं नाही आणि बिघाडाचा दोष तिच्यावर टाकला, ही आमची चूक. सगळ्यांनी सह्या केल्या. अंगठेही उठले. धाकटीनं ते पान वाचलं आणि म्हणाली, "ताई, सह्या झाल्या असतील तर चावी द्या, दूध नासतंय."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची गाडी असो, ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी असो, जी रोज हात लावते तिला आधी विचारा. मिस्त्रीच्या आधी तिला. पुढच्या वेळी आपण गिरणीच्या पट्ट्याबद्दल आणि मोटरबद्दल बोलू. तोपर्यंत सगळ्याजणींना नमस्कार.